बोरूचा निरोप समारंभ

लोकांसाठी घडवलेली वस्तू घडवणाऱ्याची राहत नाही, ती समाजाची होते, असं विठ्ठल केळुसकर यांचं मत होतं. बोरू सुरू केला की सर्वात आधी हेच वाक्य चौकटीत दिसेल, अशी व्यवस्था त्यांनी करून ठेवली होती. समाजाने ते मनावर घेतलं. दर रविवारी सकाळी समाज डोंबिवली पूर्वेतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या दाराशी चपला काढायचा, पंख्याखालची खुर्ची बघून बसायचा आणि "साहेब, जरा अडलंय" म्हणत खिशातून फ्लॉपी काढायचा. समाजातला कोण बिनसाखरेचा चहा घेतो हे नंदाबाईंना, म्हणजे केळुसकरांच्या पत्नीला, पाठ झालं होतं.

बोरू हा कॉम्प्युटरवर मराठी लिहून डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापण्याचा प्रोग्राम. केळुसकर एमआयडीसीतल्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीच्या संगणक विभागात होते. अठ्ठ्याऐंशी साली कंपनीच्या सत्यनारायणाचं निमंत्रण मराठीत छापायची कल्पना निघाली, आणि कॉम्प्युटरला इंग्रजीखेरीज काही येत नाही असं आढळून आलं. केळुसकरांनी घरी बसून एकेक अक्षर ठिपक्या-ठिपक्यांनी बांधलं. निमंत्रण छापलं गेलं, प्रसाद झाला, आणि दुसऱ्या दिवशी तीन जणांनी फ्लॉपीची प्रत मागितली. केळुसकरांनी प्रत फुकट दिली, आणि प्रोग्राम ज्या ओळींनी बनतो त्या सगळ्या ओळीही उघड्या करून दिल्या. अट एकच. कोणी काही सुधारलं तर सुधारलेलं परत आणून द्यायचं. प्रती ठाण्याला गेल्या, कल्याण-भिवंडीला गेल्या, कंपनीच्या इतर कारखान्यांत गेल्या, एक तर कोणीतरी चिपळूणला घेऊन गेलं. परदेशातही काही लोक असंच करतात आणि त्याची रीतसर चळवळ आहे, हे केळुसकरांना पुढे एका मासिकात वाचून कळलं. आपण इतकी वर्षं हे चळवळीशिवायच करत होतो याचं त्यांना थोडं वाईट वाटलं.

बोरूच्या कामात लक्ष घालणारी माणसं मात्र दोनच निघाली. त्यातल्या कळव्याच्या वासंती ओक ठाण्याच्या कॉलेजात गणित शिकवायच्या. बोरूची सगळी जोडाक्षरं त्यांनी मांडून दिली होती, आणि दर महिन्याला केळुसकरांकडून एक फ्लॉपी कळव्याला जायची व त्यांच्याकडून दुरुस्त्या होऊन परत यायची. दुसरे कल्याणचे पोपट शेलार. त्यांची छोटी प्रेस होती. शेलारांनी बोरूची एकही ओळ लिहिली नव्हती, त्यामुळे ते आपोआप बोरूचे अध्यक्ष झाले.

हे सगळं ठीक चाललं होतं. पण सत्त्याण्णव साल उजाडलं तोवर जगाने डॉट मॅट्रिक्सकडे पाठ फिरवली होती. जुने प्रिंटर टाचण्यांनी ठिपके ठोकायचे, नवे शाई फवारायचे. बोरूला टाचण्या ठाऊक होत्या, फवारा ठाऊक नव्हता. नव्या प्रिंटरला जोडला की तो कोरे कागद एकामागून एक बाहेर टाकत राहायचा.

त्या वर्षी पावसाळ्याआधी कंपनीचे मॅनेजर रणदिवे यांनी केळुसकरांना केबिनमध्ये बोलावलं.

"नाशिकच्या कारखान्यात संगणक विभागाचा प्रमुख हवाय," रणदिवे म्हणाले. "क्वार्टर आहे, बाग आहे. महिनाअखेर सांगा."

"मला का पण?"

"त्यांनी तुमचं नाव घेऊन मागणी केलीय. तुमच्यासारखाच माणूस हवा म्हणतात."

आपल्यासारखा माणूस म्हणजे नेमका कसा, हे विचारावं असं केळुसकरांच्या मनात आलं, पण स्वतःबद्दल फार चौकशी करणं बरं दिसत नाही म्हणून ते "विचार करतो" म्हणून बाहेर आले.

जायचं त्यांना होतं. गेली कित्येक वर्षं ते त्याच खोलीत, त्याच पगाराच्या पट्ट्या छापत होते. शिवाय नंदाबाईंचं माहेर नाशिकचं. पण बोरू? नाशिकला रविवारी कोण येणार? आणि आलं नाही तर इकडे ज्यांचं अडलं त्यांचं काय? बोरू बंद करायचा तर तो आत्ताच का, सहा महिन्यांनी का नाही. आणि सहा महिने चालवायचा तर मग वर्षभर का नाही? या प्रश्नांनी त्यांना पकडलं आणि मग ते एका जागी बसेनात. खुर्चीवरून गॅलरीत, गॅलरीतून कॉम्प्युटरपाशी, तिथून फ्रिजपाशी. फ्रिज उघडायचे, आत बघायचे, बंद करायचे. ऑफिसातून आल्यावर बूट काढायचे आणि पाचच मिनिटांत परत घालून चक्कर मारून यायचे. पेपर वाचायला घेतला की दुसऱ्या पानावरून पहिल्यावर यायचे.

"अहो, एक तर खुर्चीत बसा, नाहीतर गॅलरीत उभे राहा," नंदाबाई म्हणाल्या. "मधल्या मध्ये करू नका, माझी कणीक मळायचीय."

"विचार करतोय."

"तो बसून होत नाही?"

"अगं, मी गेलो तर बोरूचं काय होईल?"

"मी लग्न होऊन इकडे आले तेव्हा माहेरचं काय होईल असं कोणी विचारलं नव्हतं. माहेर आहे अजून."

"तसं नाही. लोक अवलंबून आहेत."

"लोक!" नंदाबाईंनी कणकेला एक बुक्की मारली. "गेल्या दिवाळीत भाऊबीजेला मी एकटी नाशिकला गेले. का? तर कोणाचे तरी उकार कापले जात होते. भावाने विचारलं, जावई का नाही आले. मी काय सांगणार? उकार जोडतायत?"

गेल्या दिवाळीत कोपरीच्या मच्छीमार संस्थेचे चिटणीस दामाजी कोळी तक्रार घेऊन आले होते, की मथळा दोन ओळींत आला तर दुसऱ्या ओळीचे उकार खालून कापले जातात. केळुसकरांनी तपासलं. खरंच कापले जात होते. ही चूक बोरूत पहिल्या दिवसापासून असणार आणि आपल्याला कधी दिसली नाही, या शरमेपोटी त्यांनी अख्खी दिवाळी कॉम्प्युटरपुढे काढली होती. चूक पार मुळात होती. पण शेवटी उकार जोडले गेले, आणि त्या विजयाची आठवण त्यांना अजून सुखवत असे.

त्या शनिवारी त्यांनी मनाचा हिय्या केला आणि बोरू बंद होत असल्याचं जाहीर निवेदन लिहायला घेतलं. लिहायचं अर्थातच बोरूमध्ये. "सर्व संबंधितांस कळविण्यात येते की बोरू" इथवर ठीक झालं. पुढे क्रियापद येईना. बंद होत आहे? दुकान वाटतं. निवृत्त होत आहे? बोरूला काय प्रॉव्हिडंट फंड होता? थांबत आहे म्हटलं तर पुन्हा कधी सुटणार असं लोक विचारतील. कागदावर कसं दिसतं ते बघू म्हणून त्यांनी तेवढंच छापून पाहिलं, तर डावा समास किंचित वाकडा आला. वाकड्या समासाने निरोप देणं त्यांच्या मनाला पटेना. ते बोरूच्या ओळींत शिरले. समास सरळ झाला तेव्हा चहाचे दोन कप शेजारी गार झालेले होते, निवेदन होतं तिथेच होतं, आणि बोरूची नवी आवृत्ती तयार झाली होती.

हताश होऊन त्यांनी अध्यक्षांना फोन लावला.

"बंद?" पोपट शेलार कल्याणहून ओरडले. "विठ्ठलराव, बंद कसा करता येईल? ही काय पानपट्टी आहे? त्या दामाजी कोळ्याला काय तोंड दाखवणार? त्यांच्या संस्थेचा सगळा कारभार बोरूवर!"

"मलाही तीच चिंता आहे."

"मग जा आणि समोरासमोर विचारा. तो म्हणाला चालेल, तर आपली हरकत नाही. पण वासंतीबाईंचंही मन बघा हो. त्यांना दुसरं काय आहे?"

तर असं ठरलं. दामाजी कोळी सोडतील तर केळुसकर सुटतील. नाहीतर रणदिव्यांना नकार. दुसऱ्या दिवशी, पंख्याखाली समाज जमायच्या आत, ते घराबाहेर पडले. ठाण्याला उतरून पूर्वेला कोपरीत जाईपर्यंत त्यांनी बोलायची वाक्यं चार वेळा बदलली. "आपला आजवरचा विश्वास" हे तीनदा आलं आणि तीनदा काढलं.

संस्थेचं कार्यालय म्हणजे खाडीच्या बाजूची एक लांबट खोली. दाराशी सुकत टाकलेली जाळी, आत एक टेबल, आणि त्यावर कापडाने झाकलेला कॉम्प्युटर. कापडावर झेंडूचा एक वाळका हार होता. दामाजी टेबलाशी बसून कान कोरत होते आणि त्यांच्या पत्नी मंजुळाबाई उंबऱ्यात बसून जाळ्याची गाठ सोडवत होत्या.

"अरे, केळुसकरसाहेब!" दामाजी उठताना खुर्ची पडली. "तुमी इकडं? सांगायचं नाय का? आम्ही आलो असतो ना."

केळुसकरांनी पहिलं वाक्य जुळवलं आणि तोंड उघडलं. त्याच वेळी त्यांची नजर भिंतीवरच्या फळ्याकडे गेली. फळ्यावर वार्षिक सभेची सूचना लावलेली होती. निळी चौकट, कोपऱ्यात छापलेली होडी, आणि अक्षरं गुळगुळीत, लोण्यासारखी. बोरूचा अ डोक्यात जरासा डावीकडे कललेला असतो. हा अ ताठ होता.

"ही सूचना कुठे छापली?"

दामाजींनी मंजुळाबाईंकडे पाहिलं. मंजुळाबाईंनी जाळ्याकडे पाहिलं.

"ती होय?" दामाजी म्हणाले. "ती आपली... अशीच. स्टेशनपाशी एक दुकान हाय. लगेच देतो तो."

"म्हणजे बोरू बिघडला? मग फोन नाही का करायचा?"

"बिघडला नाय हो."

"मग?"

"आवं, सांगून टाका ना त्यांना," मंजुळाबाई गाठ न सोडता म्हणाल्या. "किती नाचवाल त्या गरीब मानसाला? साहेब, दोन वरसां झाली, ती पेटी उघडली नाय. दसऱ्याला हार तेवढा घालताव."

केळुसकर हाराकडे बघत राहिले. हार खरोखरच दसऱ्याचा होता.

"पण दिवाळीत तुम्ही तक्रार घेऊन आला होतात," ते म्हणाले. "दुसऱ्या ओळीचे उकार."

"आलेलो ना," दामाजी कळवळून म्हणाले. "आता बघा, तुमी आमाला फुकट दिलात, शिकवलंत, वहिनींनी कितीदा चहा पाजला. दिवाळीला भेटायला तर यायला पायजे. आलो की तुमी विचारणार, दामाजी, बोरू कसा चाललाय? झकास म्हणालो तर खोटं. वापरत नाय म्हणालो तर तुमचं तोंड एवढंसं होणार. मग गाडीत बसलो आणि म्हटलं, काहीतरी तक्रार न्यावी. तुमाला तक्रार आवडते."

"म्हणजे तुम्ही ती बनवलीत?"

"बनवली नाय, सुचली. दिवा स्टेशन यायच्या आत."

"दामाजीशेठ, ती चूक खरोखर होती!"

"काय सांगता!" दामाजींना मनापासून आनंद झाला. "बघ गं मंजुळा, खरीच निघाली!"

"निघंल नाय तर काय," मंजुळाबाई म्हणाल्या. "त्यांचा सण गेला ना पण त्यात."

केळुसकर खुर्चीवर बसले आणि लगेच उठले. आपण कशासाठी आलो होतो ते त्यांना आठवलं, आणि ते विचारायची आता काही गरज उरलेली नाही हेही लक्षात आलं. इतकी वाक्यं जुळवून आणलेली, एकही खर्ची पडलं नाही. दामाजींनी त्यांना सोडलं होतं. दोन वर्षांपूर्वीच सोडलं होतं, फक्त कळवलं नव्हतं.

निघताना मंजुळाबाईंनी वर्तमानपत्रात बांधलेलं सुकटीचं मोठं पुडकं त्यांच्या हातात दिलं. "वहिनींना सांगा, कांदा जास्त टाका."

आता खरं म्हणजे घरी जायचं आणि रणदिव्यांना हो म्हणायचं. पण केळुसकरांचे पाय घराकडे वळेनात. स्टेशनचा पूल ओलांडून ते पश्चिमेला आले, रिक्षावाल्यांना नको नको म्हणत चालत सुटले आणि खाडीवरचा पूल पार करून कळव्याच्या बाजूला लागले. सुटका झाली तर मोकळं वाटायला हवं होतं. उलट त्यांना कोणीतरी फसवल्यासारखं वाटत होतं, आणि कोणी ते बोट ठेवून सांगता येत नव्हतं. ज्याने फसवलं त्याने बिचाऱ्याने भीड म्हणून फसवलं होतं. पुलाच्या मध्यावर त्यांनी ठरवलं की वासंतीबाईंना हे सांगायचं नाही. त्यांना फार लागेल. पुलाच्या टोकाला त्यांनी ठरवलं की सांगायचं.

वासंतीबाई दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. केळुसकरांनी सुकटीचं पुडकं आधी दाराबाहेर चपलांच्या मागे नीट ठेवलं आणि मगच बेल वाजवली. बाईंच्या टेबलावर विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका होत्या आणि शेजारी त्यांचा कॉम्प्युटर. केळुसकरांनी उभ्या उभ्या कोपरीची सगळी हकीकत सांगितली. बाईंनी ती चष्मा काढून ऐकली.

"बसा की केळुसकर."

"नको. बसलं की उठावंसं वाटतं."

"मग उभे राहा." बाईंनी चष्मा पदराने पुसला. "मला एक सांगायचं होतं. रागावू नका. मीही वापरत नाही."

"काय?"

"बोरू. कॉलेजात नवीन मशीन आलं तेव्हापासून. प्रश्नपत्रिका त्याच्यावरच करते. हा इथला कॉम्प्युटर मी तुमची फ्लॉपी आली की लावते."

"अहो, पण दर महिन्याला दुरुस्त्या पाठवत होतात! गेल्याच महिन्यात तुम्ही 'ज्ञ' बदलून पाठवलात!"

"तुमची फ्लॉपी यायची ना दर महिन्याला. त्याला काहीतरी उत्तर नको? नाही पाठवलं तर तुम्हाला वाटलं असतं, आता आपण एकटेच उरलो. बरं, तुमच्या त्या वाक्याखाली सही असते, 'आपल्या सूचनांच्या प्रतीक्षेत'. प्रतीक्षेत माणूस किती ठेवायचा?"

"ती फ्लॉपी मी पाठवायचो," केळुसकर हळूहळू म्हणाले, "कारण शेलार म्हणायचे की वासंतीबाईंना दुसरं काय..."

ते मध्येच थांबले. वासंतीबाईंच्या भुवया वर गेल्या आणि तिथेच राहिल्या.

"असं म्हणतात का शेलार?"

"तसं नाही म्हणत. काळजीने म्हणतात."

"शेलारांना सांगा, मी गेल्या वर्षीपासून पोहायला जाते." बाई उठून पाण्याचा पेला घेऊन आल्या. आणताना दाराशी थबकल्या. "बाहेर कसला वास येतोय हो? उंदीर मेलाय की काय जिन्यात?"

"ते माझं आहे," केळुसकर म्हणाले.

रविवारी फ्लॉपी घेऊन येणारेही दामाजींसारखेच असणार, हे त्यांना पाणी पिताना उमगलं. "मग बाई, हा वापरतं कोण? शेलार?"

"शेलारांनी कधी वापरला? ते अध्यक्ष आहेत."

खाली कोणीतरी स्कूटरला एकसारखी किक मारत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

"कधी बंद करायला हवा होता?" केळुसकरांनी विचारलं.

"तुम्हाला पहिल्यांदा कधी वाटलं बंद करावासा?"

केळुसकरांना ते लगेच आठवलं. त्र्याण्णव साली ठाण्यात कॉम्प्युटरचं एक प्रदर्शन भरलं होतं. तिथे एका स्टॉलवर एक मुलगी पडद्यावर मराठी पत्र लिहीत होती, आणि कागदावर जसं उमटणार तसंच ते पडद्यावर दिसत होतं. केळुसकर बराच वेळ तिच्या मागे उभे होते. त्या अक्षरांमध्ये ठिपका दिसत नव्हता, कितीही जवळून पाहिलं तरी. मग घरी येऊन त्यांनी त्याच आठवड्यात बोरूची तिसरी आवृत्ती काढली होती.

"चार वर्षं झाली," ते म्हणाले.

"मला तीन," बाई म्हणाल्या. "म्हणजे एक वर्ष तुम्ही माझ्यासाठी जास्त चालवलात. आभारी आहे. पण आता पुरे."

संध्याकाळी केळुसकरांनी नंदाबाईंच्या हातात सुकट दिली आणि नाशिकला जायचं सांगितलं. नंदाबाईंनी माळ्यावरची ट्रंक खाली काढून पुसायला घेतली.

बोरू गुपचूप बंद झाला असता, पण अध्यक्ष आडवे आले. चाळीतला पोस्टमन निवृत्त झाला तरी निरोप समारंभ होतो, नऊ वर्षं समाजाची सेवा करणाऱ्या प्रोग्रामला तसाच घालवायचा म्हणजे कृतघ्नपणा झाला, असं त्यांनी फोनवर इतक्या जोरात सांगितलं की ते नंदाबाईंना स्वयंपाकघरात ऐकू आलं. महिनाअखेरच्या रविवारी समारंभ ठरला. समाज झाडून हजर राहिला. दामाजी आणि मंजुळाबाई शाल-श्रीफळ घेऊन आले. वासंतीबाईंनी पेढे आणले. माजिवड्याचे एक गृहस्थ आले, ते कोण हे कोणालाच आठवेना, त्यांनाही विचारायची कोणाची हिंमत झाली नाही. कॉम्प्युटरला कुंकू लावण्यात आलं, पडदा पुसण्यात आला आणि मानपत्र बोरूनेच स्वतः छापावं अशी शेलारांची कल्पना असल्याने प्रिंटरमध्ये चांगला जाड कागद घालण्यात आला.

शेलारांनी भाषण केलं. भाषेची सेवा, निःस्वार्थ वृत्ती आणि आजच्या काळात दुर्मिळ होत चाललेली मूल्यं, हे सगळं त्यात दोनदा आलं. शेलार आजवर जेवढ्या निरोप समारंभांत बोलले होते त्या सगळ्यांत हेच बोलले होते. फक्त इथे "त्यांना पुढील आयुष्य सुखासमाधानाचे जावो" म्हणताना ते किंचित अडखळले. भाषण संपता संपता दामाजींनी शाल उलगडली आणि मोठ्या आदराने कॉम्प्युटरवर घातली, चारी बाजूंनी, नीट खोचून. टाळ्या झाल्या. केळुसकरांनी बटण दाबलं आणि मानपत्र छापायला सुरुवात झाली.

पहिला परिच्छेद करकरत बाहेर आला. दुसऱ्याच्या मध्यावर प्रिंटर थांबला. शालीखालून एक वेगळा गुंजारव ऐकू यायला लागला, आणि मग तोही बंद झाला.

"गरम झाला असणार," वासंतीबाई म्हणाल्या. "पंख्याची जाळी झाकली गेलीय."

दामाजींनी ओशाळून शाल काढली. पडद्यावर काही नव्हतं. केळुसकर खुर्चीतून अर्धे उठले होते. मानपत्र पुन्हा सुरू कुठून करायचं, अर्धवट थांबलेली छपाई बोरूला लक्षात कशी ठेवायला लावायची, हे त्यांना तिथेच, उभ्या उभ्या सुचलं होतं. कठीण नव्हतं, एक आकडा कुठेतरी जपून ठेवायचा एवढंच. त्यांचा हात कीबोर्डकडे गेला. सगळे तो हात बघत होते. दामाजी बघत होते, वासंतीबाई बघत होत्या, कोणीही काही म्हणणार नव्हतं. सगळ्यांना भीड होती. अजून एक आवृत्ती निघाली असती तर सगळ्यांनी ती घरी नेली असती आणि वर हार घातला असता.

"अहो," नंदाबाई म्हणाल्या.

एवढंच म्हणाल्या. आवाजही चढवला नाही. केळुसकरांचा हात हवेत राहिला, मग त्यांनी तो आपल्या गुडघ्यावर ठेवला, आणि गेला महिनाभर स्वस्थ न बसलेला तो माणूस खुर्चीत पाठ टेकून बसला.

"पेढे घ्या," ते म्हणाले.

मानपत्र अर्धंच राहिलं. ते चौकट करून घ्यावं असं शेलारांनी सुचवलं, पण चौकट कोणी करायची हे सुचवलं नाही. जाताना दामाजींनी शेवटच्या आवृत्तीची एक प्रत मागितली. "ठेवायला," ते म्हणाले. मग सगळ्यांनीच मागितली. मशीन थंड झाल्यावर केळुसकरांनी ती सगळ्यांना करून दिली, माजिवड्याच्या गृहस्थांनाही. स्वतःसाठी एक ठेवायची राहून गेली. नंदाबाईंनी आठवण केली नाही. कॉम्प्युटर आणि खोकंभर जुन्या फ्लॉप्या वाचनालयाला गेल्या, तिथे त्या फ्लॉप्या पुसून त्यांच्यावर सभासदांची नावं चढली.

जुलैत केळुसकर नाशिकला हजर झाले. क्वार्टर खरोखर चांगलं होतं. बागेत पेरूचं झाड होतं. पहिल्या सकाळी त्यांना झोपेतून उठल्यावर कुठे जावंसं वाटलं नाही, फ्रिज उघडावासा वाटला नाही, आणि नंदाबाईंनी हे ताबडतोब टिपलं. कामावर पर्सोनेल विभागाचे गुणाजी घुगे त्यांना सगळं दाखवायला आले. नवी इमारत, नवी खोली, आणि खोलीच्या भिंतीला लागून ओळीने मांडलेले चार डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. चारही करकरत होते.

"हे काय छापताय?" केळुसकरांनी विचारलं.

"सगळंच की साहेब. गेटपास, कँटीनची कुपनं, ओव्हरटाइमच्या स्लिपा. इथल्या कामगारांना मराठीच लागतं. हा एक प्रोग्राम आहे जुना, डोंबिवलीहून आलेला. एकदम दणकट. पण आतलं कोणालाच काही कळत नाही. म्हणून तर रणदिवेसाहेबांकडे तुमचं नाव घेऊन मागितलं."

केळुसकरांनी पडद्याकडे पाहिलं. चौकटीत वाक्य होतं. लोकांसाठी घडवलेली वस्तू.

"इतकी वर्षं कधी कळवलं नाहीत," ते म्हणाले.

"चालत होतं ना," घुगे म्हणाले. "मग तुम्हाला कशाला उगाच त्रास."

नाशिकला बोरूची पहिली आवृत्ती होती. तिच्यात दुसऱ्या ओळीचे उकार कापले जात.